बँकॉकमध्ये चार दिवस, सोबत सत्तरीचे आई-बाबा: यादीतून काय काढायचं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवस, तीन रात्री बँकॉक. सोबत बाबा (७२, एका गुडघ्याचा त्रास), आई (६८, पूर्ण शाकाहारी), तुम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या राजवाडा आणि दोन मंदिरं, दुसऱ्या दिवशी फ्लोटिंग मार्केट आणि रात्री क्रूझवर जेवण, तिसऱ्या दिवशी पटाया जाऊन-येऊन, चौथ्या दिवशी 'जेम्स फॅक्टरी' (म्हणजे रत्नांचं दुकान), शॉपिंग आणि विमानतळ. आणि तुम्ही विचारताय, यात बघण्यासारखं काही राहून गेलंय का, अजून काय घालता येईल?

घालायचं काहीच नाही, काढायचं बरंच आहे. मी अनेक वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन थायलंडला जाते, त्यात ज्येष्ठ नागरिकच जास्त. त्या अनुभवावरून सांगते, या शहरात लोकांची सहल बिघडते ती चुकीची ठिकाणं निवडल्यामुळे नाही. बिघडते ती बरोबर ठिकाणी चुकीच्या वेळी गेल्यामुळे आणि हॉटेल चुकीच्या जागी घेतल्यामुळे. तुमच्या कार्यक्रमात दोन्ही दिसतंय.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. बाबा एका दमात किती चालतात, पाच मिनिटं की वीस? जिने चढताना त्रास होतो की उतरताना? हॉटेलचे पैसे भरून झालेत का? आणि चार दिवसांत शनिवार-रविवार येतो का, की सोमवार-मंगळवार? राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी-मंगळवारी बंद असतं आणि चतुचक बाजाराची खरी गंमत शनिवार-रविवारीच, त्यामुळे वार बदलला की बेत बदलतो. खाली लिहितेय ते बाबा दहा-पंधरा मिनिटं चालून मग टेकतात असं धरून.

आधी शहराची रचना डोक्यात बसवून घ्या. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. त्यानंतर काही वर्षं राजधानी चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला होती. १७८२ मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे सध्याच्या चक्री घराण्याच्या संस्थापकाने, ती नदी ओलांडून पूर्व काठावर आणली. राजवाडा, वाट फो, वाट सुथात (वाट म्हणजे बौद्ध मंदिर) हे सगळं त्या जुन्या, नदीच्या वळणात बसलेल्या भागात आहे, आणि वाट अरुण बरोबर समोरच्या काठावर. तिथे स्कायट्रेन जात नाही. मॉल, मोठी हॉटेलं, भारतीय उपाहारगृहं आणि रात्रीचा झगमगाट आहे तो पूर्वेकडच्या नव्या भागात, सुखुमवित, सियाम, प्रतुनाम, सीलोम या बाजूला. तिथे १९९९ पासून बीटीएस, म्हणजे स्कायट्रेन धावते. या दोन भागांमध्ये रस्त्याने जायचं म्हटलं की संध्याकाळी सहा-सात किलोमीटरला एक तास सहज जातो. नदी आणि मेट्रो हे दोनच रस्ते असे आहेत की ज्यांवर वाहतूक तुंबत नाही.

म्हणून हॉटेल. आपल्याकडचे बहुतेक एजंट प्रतुनाम किंवा सुखुमवितच्या नाना भागात उतरवतात, कारण तिथे भाव चांगला मिळतो आणि आजूबाजूला भारतीय जेवण असतं. नाना ठीक आहे, स्कायट्रेन जवळ आहे. (रात्री तिथले काही रस्ते लेकीला घेऊन फिरण्यासारखे नाहीत, एवढं मात्र आधीच सांगते.) प्रतुनाम घाऊक कपड्यांच्या खरेदीला उत्तम, पण फूटपाथवर पाय ठेवायला जागा नसते आणि स्कायट्रेनचं स्टेशन बाबांच्या चालीने लांब पडतं. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी साफान ताक्सिन किंवा सीलोम भागात उतरवते. साफान ताक्सिनला स्कायट्रेनच्या जिन्याखालीच साथोर्नचा धक्का आहे, तिथून नदीतल्या सगळ्या बोटी सुटतात. सीलोमला स्कायट्रेन आणि मेट्रो दोन्ही मिळतात आणि मारिअम्मन मंदिराच्या आसपास दाक्षिणात्य जेवणही मिळतं. हॉटेल निवडताना पत्त्यात 'सोय' शब्द दिसेल, सोय म्हणजे मुख्य रस्त्याला फुटणारी गल्ली. काही गल्ल्या किलोमीटरभर आत जातात. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं हॉटेलवाला लिहितो ते गल्लीच्या तोंडापर्यंत की हॉटेलच्या दारापर्यंत, हे नकाशावर स्वतः मोजा. आणि स्टेशनच्या कुठल्या दाराला लिफ्ट आहे तेही बघून ठेवा. लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराला नसते.

आता पहिला दिवस. आपल्याकडून जाणारी बरीच विमानं रात्री निघून पहाटे-सकाळी पोचतात. चार-साडेचार तासांचा प्रवास, त्यात घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे झोप झालेली नसते. हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आधी सहसा मिळत नाही. मग तो मधला वेळ भरायचा म्हणून एजंट गाडी सरळ राजवाड्याला नेतो. त्याच्या दृष्टीने एक दिवस सत्कारणी लागला. तुमच्या दृष्टीने, अख्ख्या सहलीतली सगळ्यात देखणी जागा तुम्ही जागरणाच्या डोळ्यांनी, अकराच्या उन्हात, ढकलाढकलीत बघितली. माझ्या गटात मी हे कधीच करत नाही. खोली आदल्या रात्रीपासून घ्या, किंवा सकाळी लवकर देतील असं थोडे जास्त पैसे भरून हॉटेलकडून लिहून घ्या. ज्येष्ठांच्या सहलीत याच्याइतका सार्थकी लागणारा दुसरा खर्च नाही. सकाळी अंघोळ, नाश्ता, झोप. लेकीला हॉटेलचा पोहण्याचा तलाव. दिवस वाया गेला असं तिला तरी अजिबात वाटणार नाही.

त्या संध्याकाळी चित लोम स्टेशनला उतरून एरावान तीर्थस्थानी जा. चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं हे छोटं देवालय १९५६ मध्ये उभं राहिलं, शेजारच्या हॉटेलच्या बांधकामात एकामागून एक विघ्नं येत होती म्हणून. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, आणि इथे भर चौकात, मॉलच्या आणि डोक्यावरून जाणाऱ्या स्कायट्रेनच्या गर्दीत ऑफिस सुटलेली माणसं बूट-टाय घालून चारही तोंडांसमोर उदबत्ती आणि झेंडूचा हार वाहत फिरत असतात. नवस फेडायचा तर मुकुट घातलेल्या नर्तकी पैसे देऊन नाचवतात. नवस करणाऱ्याचं नाव घेऊन त्या गायला लागतात तेव्हा आपल्या आज्या टक लावून बघतात, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. चौकातून उंचावरच्या पादचारी मार्गाने पुढे सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर गणपती आणि त्रिमूर्तीची देवालयंही आहेत. एक-दीड तासात सगळं होतं. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा, आणि फक्त राजवाडा. साडेआठला दार उघडतं तेव्हा दारात असायचं. परदेशी माणसाला ५०० बाट तिकीट, १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना माफ. (एक बाट साधारण अडीच ते तीन रुपये धरा.) खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू, फाटक्या जीन्स आणि घट्ट लेगिंग्जही चालत नाहीत. आईंची साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम, बाबांना सुती पँट. बूट लेसचे नकोत. बुद्धाच्या मुख्य मंदिरात जाताना काढायचे असतात, आणि दुखऱ्या गुडघ्याने वाकून लेस बांधणं म्हणजे काय ते बाबांना विचारा.

साथोर्नच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडा, साधारण १६ बाट. ही प्रवाशांची रोजची बोट आहे, पर्यटकांची नव्हे. बोट धक्क्याला लागताना मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्ट्या मारून चालकाला पुढे-मागे घ्यायला सांगत असतो. आत कंडक्टर लांबट पत्र्याची नळी खुळखुळवत येते. त्याच नळीत सुट्टे पैसे, त्याच नळीत तिकिटांची गुंडाळी, आणि तिच्याच झाकणाच्या कडेने ती तिकीट टर्रकन फाडून देते. लेकीला राजवाड्याइतकंच हे लक्षात राहील. चढताना काळजी एकच: बोट हलत असते आणि फार वेळ थांबत नाही. बाबांना मध्ये ठेवा, एकाने आधी चढून हात द्या, एक मागे राहा. हे जमणार नाही असं वाटत असेल तर निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट घ्या, तिथे चढायला-उतरायला निवांत वेळ देतात. तिचा दिवसाचा पास १५० बाटांच्या आसपास आहे. राजवाड्यासाठी ता चांग धक्क्यावर उतरायचं. मेट्रोच्या सनाम चाय स्टेशनवरूनही येता येतं, पण राजवाड्याचं पर्यटकांचं दार उत्तरेला आहे आणि स्टेशन दक्षिणेला. पूर्ण भिंतीच्या कडेने उन्हातून चालावं लागतं.

ता चांगच्या वाटेवर किंवा भिंतीपाशी नीटनेटक्या कपड्यांतला एखादा माणूस गोड इंग्रजीत सांगेल की राजवाडा आत्ता बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल, तोवर ही टुकटुक तुम्हाला वीस बाटात दुसरी मंदिरं दाखवेल. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा सूट शिवणाऱ्याच्या दुकानात थांबते. तिकीट खिडकी स्वतःच्या डोळ्यांनी बंद दिसेपर्यंत कुणाचंही ऐकू नका. राजघराण्याच्या समारंभासाठी काही दिवस काही भाग खरोखरच बंद असतो, पण ते आदल्या दिवशी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवायचं असतं, रस्त्यावर विचारायचं नसतं.

आत गेल्यावर सगळी गर्दी मरकत बुद्धाच्या मंदिराकडे धावते. तुम्हीही जा, पण आधी कल्पना असू द्या की मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आहे आणि खूप उंचावर आहे. आत फोटो काढायचा नाही, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. मूर्तीची वस्त्रं वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, राजा स्वतः किंवा त्याच्या वतीने घराण्यातलं कुणी बदलतं: उन्हाळी, पावसाळी, हिवाळी. हिवाळी वस्त्र चढतं ते थायी बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बहुतेक नोव्हेंबरात. पौर्णिमेनंतर गेलात तर मूर्ती गळ्यापासून खाली सोन्याच्या जाळीची शाल पांघरलेली दिसेल. आपल्या विठोबा-बालाजीचे पोशाख बघत आलेल्या आईंना यात नवल वाटणार नाही, आपुलकी मात्र वाटेल.

माझ्या मते त्या आवारातली खरी ठेव भोवतालच्या ओवरीत आहे, आणि तीच लोक सोडून जातात. भिंतीभर रामायण रंगवलेलं आहे, थायी भाषेत रामकियेन, एकूण १७८ चित्रं. विहान योत या प्रार्थनागृहासमोरच्या उत्तरेकडच्या दरवाज्यापासून सुरुवात करायची, जनक राजाला जमिनीत सीता सापडते तिथून, आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं. ओवरीवर छप्पर आहे, म्हणजे सावली आहे, आणि कडेला टेकता येतं. बाबांसाठी याहून चांगली जागा राजवाड्यात नाही. आणि गोष्ट आपली असूनही आपली नाही. इथली सीता रावणाची मुलगी आहे, जन्मताच अशुभ म्हणून पाण्यात सोडलेली. रावण हिरवा, त्याचं नाव थोत्सकन, म्हणजे आपला दशकंठच. आणि पांढराशुभ्र हनुमान ब्रह्मचारी तर नाहीच, उलट सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, त्यांना मुलगाही होतो. माझ्या गटातली आजोबा मंडळी इथे हमखास वाद घालतात आणि नातवंडं खूश होतात. लेकीला एक काम द्या: प्रत्येक चित्रात हनुमान शोध. अर्धा तास कुठे गेला कळणार नाही. सगळी १७८ बघायची नाहीत. सेतू आणि युद्धाचा भाग बघितला तरी भरून पावतं.

अकरा-साडेअकराला बाहेर पडा आणि वातानुकूलित जागी परत जा. नोव्हेंबर हा तिथला बरा महिना, पाऊस संपत आलेला असतो, पण दुपार तिशीच्या वरच असते आणि दमटपणा आपल्या मुंबईसारखा. बाराच्या उन्हात वाट फोला चालत जाण्याचा मोह धरू नका. दुपारी जेवण, झोप. संध्याकाळी नदीकाठच्या आयकॉनसियाम मॉलला साथोर्नहून मोफत बोट जाते. मॉल म्हणजे मॉलच, पण तळमजल्यावर थायलंडच्या वेगवेगळ्या प्रांतांतलं खाणं आणि वस्तू मांडलेला बाजार आहे, आत पाण्यातल्या होड्याही आहेत. फ्लोटिंग मार्केटचा हा नाटकी अवतार आहे हे कबूल, पण एसीत आहे आणि पाय घसरायची भीती नाही.

याच ओघात क्रूझविषयी. डिनर क्रूझ वाईट नसते, पण भारतीय गटांसाठीच्या बोटींवर बुफेची रांग आणि कानठळ्या बसवणारी हिंदी गाणी असतात, नदी बाजूलाच राहते. लेकीला नाचायचं असेल तर जरूर जा. नदीच बघायची असेल तर संध्याकाळच्या साध्या बोटीचं तिकीट पुरतं.

तिसऱ्या दिवशी सकाळ लेकीची. बेंचाकिती उद्यान घ्या: जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर २०२२ मध्ये खुलं झालेलं वनोद्यान, पाणथळीवरून जाणारा उंच पादचारी पूल, प्रवेश मोफत. किंवा लुम्फिनी उद्यान, तिथे तळ्याकाठी माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी निवांत फिरतात. त्या अंगावर येत नाहीत, तुम्हीही त्यांच्या अंगावर जाऊ नका. दोन्ही ठिकाणी बाकं भरपूर.

दुपारी साडेतीनला वाट अरुण. ता तियन धक्क्यावरून समोरच्या काठाला फेरीबोट जाते, पाच बाट. तिकीट २०० बाट. मधल्या उंच प्रांगवर, म्हणजे मनोऱ्यासारख्या शिखरावर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून फुलं-पानं केली आहेत. जवळ जाऊन बघितलं की एखाद्या पाकळीच्या जागी बशीची अख्खी कड दिसते. वर जाणारे जिने उभे आहेत, चढताना जमतं, उतरताना गुडघे बोलायला लागतात. बाबांना खाली नदीकाठच्या सावलीत बसवा. भाड्याने थायी पोशाख घेऊन फोटो काढणाऱ्या मुलींची तिथे एवढी रीघ असते की त्यांचा वेळ मजेत जाईल. पाचच्या आत परत अलीकडे या आणि वाट फोमध्ये शिरा, तिकीट ३०० बाट. निद्रिस्त बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. मूर्ती एका नजरेत मावत नाही, खांबांमधून तुकड्यातुकड्यांनीच दिसते. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं काढली आहेत, ती पायांकडच्या टोकाला थांबून बघा. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत १०८ धातूची पात्रं ओळीने आहेत. सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेक नाणं टाकत जायचं. त्या टणटण आवाजाने अख्खं दालन भरलेलं असतं. वाट फो सपाट आहे, आणि त्या वेळी टूरच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात.

थायी मालिशची परंपरा याच मंदिराशी जोडलेली आहे, आवारात मालिश करूनही मिळतं. बाबांसाठी पूर्ण अंगाचं नको. त्यात हात-पाय जोरात ताणतात, गुडघा मुडपतात. गुडघ्याचा त्रास, हाडं ठिसूळ असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काही असेल तर फक्त तळपायांचं, आणि तेही आधी सांगून, हलक्या हाताने. नंतर पुन्हा ता तियनच्या काठावर या. सूर्य वाट अरुणच्या मागे बुडतो, मग प्रांगवर दिवे लागतात. परतीला सनाम चाय मेट्रो इथून जवळ आहे. ते स्टेशन दरबाराच्या दालनासारखं सजवलेलं आहे, खांब आणि छतासकट.

चौथा दिवस विमानाच्या वेळेवर. शनिवार-रविवार असेल तर चतुचक बाजार सकाळी नऊला, दोन तास, बस्स. नाहीतर जिम थॉम्पसनचं घर: थायी रेशीम जगभर नेणारा हा अमेरिकन १९६७ मध्ये मलेशियातल्या डोंगरात फिरायला गेला आणि पुन्हा कधी सापडलाच नाही. त्याने जुनी सागवानी घरं आणून कालव्याकाठी उभारली. माहितगार बरोबर घेऊनच आतून बघता येतं. आईंना देवदर्शनाची ओढ असेल तर साओ चिंग चा, म्हणजे लाल रंगाच्या भल्यामोठ्या झोपाळ्याच्या कमानीजवळ राजदरबाराच्या ब्राह्मणांचं १७८४ चं देवस्थान आहे, शिव, गणपती आणि विष्णूची तीन छोटी देवळं. भारतीय गट तिथे क्वचितच पोचतात.

पटाया? माझं मत, नको. एकेका बाजूला दीडशे किलोमीटर, दोन ते अडीच तास, म्हणजे बाबांचे पाच तास गाडीत, आणि तिथे पोचून स्पीडबोटीत चढ-उतर. समुद्र हाच तुमच्या सहलीचा हेतू असेल तर दोन रात्री तिकडे राहा आणि बँकॉक कमी करा. जाऊन-येऊन करू नका. फ्लोटिंग मार्केटचंही जवळपास तसंच. दमनोन सदुआक शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि आता तिथे स्थानिक खरेदीपेक्षा पर्यटकच जास्त. रुळांवरचा मेक्लोंग बाजार मात्र मुलांना भारी आवडतो, गाडी आली की दुकानदार छपरं मिटवतात आणि गेली की उघडतात. लेकीचा हट्ट असेल तर तिसऱ्या दिवसाची सकाळ त्याला द्या आणि संध्याकाळचं वाट फो गळेल हे गृहीत धरा. सुट्टीचा वार असेल तर शहराच्या पश्चिमेचा ख्लोंग लाट मायोम बाजार जवळचा आणि घरगुती आहे.

आईंच्या जेवणाचं. थायी स्वयंपाकात मीठ म्हणून माशाचा रस, नाम प्ला, पडतो, आणि करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो. 'नो मीट, नो चिकन' सांगून भागत नाही, भाज्यांच्या ताटातही मासळी येते. पिवळ्या कापडावर लाल अक्षर असलेली छोटी पताका दिसली की ते 'जे' जेवण: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, कांदा-लसूणही नाही. 'किन जे' म्हणालात की कळतं. मोठ्या मॉलच्या फूड कोर्टात असं एखादं दुकान बहुधा सापडतं. फाहुरातमध्ये, म्हणजे कापडाच्या जुन्या भारतीय पेठेत, शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे, डोकं झाकून गेलात तर सकाळी लंगर मिळतो. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर आईंना चालेलच, फक्त वरून काय भुरभुरवलंय ते बघा. खाकरे, चटणी घरून न्या.

तारीख पौर्णिमेला टेकत असेल तर अजून एक. लॉय क्रथोंग हा त्यांचा पाण्यात दिवे सोडायचा सण बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो. त्या रात्री नदीचे धक्के तुडुंब असतात, बाबांना घेऊन तिथे जाऊ नका. बेंचाकिती किंवा लुम्फिनीच्या तळ्यावर, किंवा हॉटेलच्याच तलावात, केळीच्या खांबाच्या चकतीवर पानं-फुलं लावलेला दिवा सोडता येतो. ते बघण्यात नदी हुकल्याचं दुःख होत नाही.

प्रवेशाचं: व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, ते दूतावासाच्या संकेतस्थळावर निघायच्या आधी पुन्हा बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. टॅक्सी मीटरवर यायला नाही म्हणाली तर वाद न घालता ग्रॅब या अ‍ॅपवरून गाडी बोलवा.

आता एजंटला काय लिहायचं. पटाया आणि क्रूझ काढा, राजवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, पहिल्या दिवशी खोली सकाळी, आणि 'जेम्स फॅक्टरी' नको. शेवटच्या मुद्द्यावर तो म्हणेल की ती भेट सक्तीची आहे. खरं आहे, स्वस्त पॅकेजमध्ये असतेच, कारण गाडीचा काही खर्च त्या दुकानाच्या कमिशनमधून निघतो. त्याला सरळ विचारा की ती भेट नको असेल तर माणशी किती जास्त, आणि तो आकडा लिहून मागा. बहुतेक वेळा तो तुम्ही दुकानात अडकून एखादी अंगठी घेण्यापेक्षा बराच कमी असतो. हॉटेलचं नाव आणि दोन्ही विमानांच्या वेळा इथे लिहिल्यात तर पहिल्या आणि चौथ्या दिवसाचं नेमकं सांगता येईल.